पाठमोरा फुल-बॅक

"पुन्हा एकदा," ग्लेनिस म्हणाली. "डॅरिल तुझ्या पाठीवर चढला. मग?"

"मग मी आडवा झालो." लायल टोस्टला लोणी लावत होता. "अगं, चाळीस वर्षं सांगतोय ही गोष्ट. आता तू मला बालवाडीत घालणार का?"

"मग?"

लायलची सुरी थांबली. थांबली ती थांबलीच. खिडकीबाहेर गुलाबी पोपटांचा थवा मिरीच्या झाडावर कलकलाट करत होता, तिकडे तो बघत राहिला. ग्लेनिसने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. बायकोने तोंड पाडलं की त्याला उरलंसुरलंही आठवत नाही, एवढं ती वर्षभरात शिकली होती.

"उठलास," तिने हळूच सुचवलं.

"उठलो आणि हात वर केले. येतं मला. पुढचं सगळं येतं." त्याने टोस्टचा तुकडा मोडला आणि खाण्याऐवजी खिशात टाकला. ग्लेनिसने तो नंतर काढून ठेवला.

लायल ट्रेम्बाथ म्हणजे विराबेल गावाचा एकुलता एक नामवंत माणूस. गावात गव्हाचं एक कोठार, एक पब, एक फुटबॉल क्लब, आणि लायल. मेलबर्नच्या मोठ्या क्लबातर्फे तो अकरा वर्षं फुल-बॅक म्हणून खेळला. इकडच्या फुटबॉलात बॉल लाथेने मारतात तसा हातांनी झेलतातही. फुल-बॅकचं काम म्हणजे सासुरवाशिणीचं काम. समोरच्या संघातला सगळ्यात दांडगा गडी अंगावर घ्यायचा आणि दिवसभर त्याला गोल मारू द्यायचा नाही. जमलं तर कोणी विचारत नाही, आणि एकदा चुकलं की सगळं मैदान तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. अशी अकरा वर्षं काढली, नाक तीनदा मोडून घेतलं, खांद्यात लोखंडी पट्टी बसवून घेतली, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? तर एक दुपार, आणि त्यातलंही एकच मिनिट.

त्या दुपारी समोर डॅरिल हॅलोरन होता. उडी मारायची वेळ आली की डॅरिल माणूस राहायचा नाही, मांजर व्हायचा. बॉल उंच आला, लायल त्याच्यावर डोळा ठेवून खाली उभा राहिला, आणि मागून डॅरिल त्याच्या पाठीवर पाय देऊन असा वर गेला की जणू लायल म्हणजे माळ्यावर चढायची शिडी. बॉल हवेत झेलला. या खेळात ते नियमात बसतं, वर टाळ्या मिळतात. खाली येताना मात्र डॅरिलचा गुडघा लायलच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसला आणि लायल तोंडावर आपटला.

बॉल असा झेलला की झेलणाऱ्याला बॉलला निवांत लाथ मारायला मिळते. समोरच्याने त्या जागेवर उभं राहायचं, हात वर करायचे, आणि तोंड त्याच्याकडे ठेवायचं. पोराटोरांना सुद्धा हे पहिल्याच दिवशी शिकवतात. लायल उठला, जागेवर गेला, हात अगदी सरळ वर केले, आणि डॅरिलकडे पाठ करून उभा राहिला. तोंड स्वतःच्याच गोलकडे. डॅरिलने त्याच्या डोक्यावरून गोल मारला. अख्खं स्टेडियम हसलं. बावीस वर्षांची ग्लेनिस स्टँडमध्ये मैत्रिणींबरोबर बसली होती, तीही पोट धरून हसली. मदतनिसाने लायलच्या नाकाखाली कसली तरी झणझणीत बाटली धरली, पाठीवर थाप मारली, आणि लायल सामना संपेपर्यंत खेळला.

पुढे टीव्हीवाले ते मिनिट दर वर्षी दाखवायला लागले. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून बसला असता. लायलने त्याची गोष्ट केली. खेळ सुटल्यावर तो गहू वाहणारा ट्रक चालवायला लागला, पण आजूबाजूच्या दहा गावांत क्लबाचं जेवण असलं की आमंत्रण लायलला. तो उभा राहायचा, हात वर करायचा, लोकांकडे ढुंगण करून ते जरासं हलवायचा. "मागून डॅरिल म्हणतो, लायल, अरे मी इकडे आहे. मी म्हटलं, गप रे, त्या डॅरिलला मी बरोबर अडवून धरलंय." आणि मग वळून, शेवटचं: "फुल-बॅकला गोल कधी नीट बघायला मिळत नाही हो. तोंड कायम उलट्या बाजूला. जगात मी एकटाच, ज्याला सगळ्यात पुढच्या जागेवरून बघायला मिळाला." हॉल कोसळायचा. लोकांनी हसायच्या आधी आपणच हसं करून घेतलं की मग ते आपलं होतं, असं लायल म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

गेल्या वर्षी कापणीच्या दिवसांत लायल भरलेला ट्रक कोठारापाशी चालू ठेवून चालत घरी आला. मग एकदा चहाची किटली भिंतीवर फेकली, कशावरून ते दोघांनाही आठवत नव्हतं. त्याला विसर पडला म्हणून, ती घाबरली म्हणून. त्या रात्री तो बाथटबच्या कडेवर बसून लहान मुलासारखा रडला. बेंडिगोच्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याचे फोटो काढले आणि मऊ आवाजात सांगितलं, की वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या मारांचं हे लक्षण दिसतंय. खात्री मात्र मेल्यानंतर मेंदू तपासूनच होते.

"मग मी मेलो की कळवा," लायल म्हणाला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. लायलला ते लागलं.

घरी येताना गाडीत त्याने ग्लेनिसकडून वचन घेतलं. गावात कोणाला कळता कामा नये. निदान हिवाळ्यातल्या जुन्या खेळाडूंच्या जेवणापर्यंत तरी नाही. या वर्षी डॅरिल येणार होता, क्लबाच्या शंभराव्या वर्षानिमित्त, आणि दोघे मिळून गोष्ट सांगणार होते. इतक्या वर्षांत दोघांनी मिळून कधी सांगितली नव्हती. "एकदा ती नीट झाली ना, की मग सांग गावाला. पेपरात दे. पण त्या दिवशी मला लोकांनी हसायला पाहिजे, ग्लेन. कीव करायला नको."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत ग्लेनिसने वर्षभर ती मूठ झाकली. दुकानात तो सुट्टे विसरला की ती पटकन पुढे व्हायची. पबात नावं विसरला की ती मोठ्याने नाव घेऊन हाक मारायची. पण त्यांची मुलगी, जोडी नाव तिचं, बेंडिगोच्या इस्पितळात नर्स, तिला कोण फसवणार? तिने ते जुनं मिनिट पुन्हा लावून बघितलं आणि फोन केला.

"आई, यात हसण्यासारखं काय आहे? बाबा शुद्धीवर नव्हते. उभ्या उभ्या बेशुद्ध होते. आणि तू त्यांना तेच पुन्हा करायला लावणार, तेही सगळ्या गावासमोर?"

"मी लावत नाहीये गं. त्याला करायचंय."

"त्यांना काय करायचंय ते त्यांना कळतं का आता?"

ग्लेनिसने फोन ठेवला आणि सिंकमधली भांडी दोनदा धुतली. मुलगी चुकत नव्हती, नवराही चुकत नव्हता. जेवण रद्द करावं तर त्याचं मन मोडतं, आणि होऊ द्यावं तर न जाणो, भर सभेत त्याची गाडी अडकली तर? लोक त्याच्या दुखण्यालाच हसतील, त्यांना कळणारही नाही, आणि तिला ते बघत बसावं लागेल. शेवटी तिने ठरवलं की गोष्ट त्याच्याकडून इतकी घोटून घ्यायची, की डोकं विसरलं तरी जीभ विसरणार नाही. म्हणून रोज सकाळी टोस्टबरोबर गोष्ट.

शनिवारी दुपारी क्लबाच्या हॉलमध्ये भाजलेलं मटण, बटाटे आणि पुदिन्याची चटणी. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या चर्चमधून आणल्या होत्या. बाहेर मैदानावर दुसऱ्या फळीच्या संघांचा सामना चालू होता, विराबेल विरुद्ध बुलूंग, आणि मैदानाभोवती नाकं आत करून गाड्या लावलेल्या, गोल झाला की हॉर्न वाजवायला. हॉलच्या टोकाच्या मोठ्या खिडकीत दोन्ही गावांची वेळ राखणारी माणसं घड्याळ आणि खेळ संपल्याचा भोंगा वाजवायचं बटण घेऊन बसली होती. विराबेलची बेव्ह तिथेच ताट घेऊन जेवत होती, एक डोळा मैदानावर, एक बटाट्यावर.

डॅरिल आला तो दारातूनच ओरडत. पोट सुटलेलं, गुडघे गेलेले, बॅलरॅटला मोटारींचं मोठं दुकान. "कुठाय माझी शिडी?"

लायलने त्याच्याकडे क्षणभर बघितलं. ग्लेनिस नाव सुचवायला पुढे सरकली.

"शिडी इथेच आहे," लायल म्हणाला, "पण आता तू चढलास तर मोडेल. किती वजन केलंस रे, लेका? दुकानातल्या गाड्या खातोस का?"

दोघांनी मिठी मारली. ग्लेनिसला इतकं हलकं वाटलं की तिने स्वतःला मटणाचे दोन जादा तुकडे वाढून घेतले. शेजारी बसलेल्या क्लबाच्या अध्यक्षाने, मिकने, तिला कोपर मारलं. "काय गं, आज भूक लागलेली दिसते."

"वर्षभराची," ग्लेनिस म्हणाली.

जेवणं होत आली तशी मिकने माईक हातात घेतला, दोन जुने विनोद मारले, आणि दोघांना छोट्या स्टेजवर बोलावलं. आधी डॅरिलने आपली बाजू सांगितली: लायलची पाठ किती रुंद होती, आणि वर चढल्यावर आपल्याला तिथून समुद्र कसा दिसला. मग माईक लायलकडे गेला. आवाज ठणठणीत. मदतनिसाची बाटली आली, स्वतःच्या नाकाचे तीन तुकडे आले, कुठे थांबायचं तिथे तो बरोबर थांबला. ग्लेनिस टेबलाखाली बोटं घट्ट विणून, ओठ न हलवता, एकेक वाक्य त्याच्याबरोबर म्हणत होती.

"तर मी उठलो," लायल म्हणाला. "आणि गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे हात वर केले."

त्याने माईक स्टँडवर ठेवला, वळला, लोकांकडे पाठ केली, आणि दोन्ही हात सरळ वर. हॉलमध्ये हशा उसळला. म्हाताऱ्यांनी टेबलं बडवली.

"लायल," डॅरिल ठरल्याप्रमाणे म्हणाला, "अरे मी इकडे आहे."

लायल काही बोलला नाही. ढुंगणही हलवलं नाही. लोक आणखीच हसले. थांबण्यातच तर मजा असते, आणि लायल त्यात उस्ताद.

"लायल, मी इकडे."

ग्लेनिसने हसणाऱ्या लोकांच्या डोक्यांवरून बघितलं. लायलची मान डावीकडे वळली, उजवीकडे वळली, हळूहळू, काहीतरी शोधत. पट्टी बसवलेला खांदा इतका वर कधी जात नसे. गेली कित्येक वर्षं तो कपाटाच्या वरच्या फळीवरचं काही काढायला तिला बोलवायचा. आता तो हात ताठ वर होता.

"बॉल कुठाय?" लायल म्हणाला. माईकने ते बारीक आवाजातलं बोलणं उचललं आणि हॉलभर ऐकवलं. लोक डोळे पुसत हसायला लागले. कोणीतरी मागून ओरडलं, "तुझ्या खिशात बघ."

ग्लेनिस उठली. खुर्ची मागे पडली ते तिला कळलं नाही. स्टेजवर जाऊन ती त्याच्यासमोर, भिंतीच्या आणि त्याच्या मध्ये, उभी राहिली. त्याचा चेहरा घामाने भिजला होता. डोळे मोठे, आणि तिच्या पलीकडे कुठेतरी लागलेले.

"लायल, राजा, हात खाली घे. झाली गोष्ट. छान झाली."

"बाई, मैदानातून बाहेर व्हा," लायल म्हणाला. आवाजात राग नव्हता, घाई होती. "त्याने अजून मारला नाहीये."

हे वाक्यही माईकने ऐकवलं. पुढच्या टेबलावरचं हसू आधी थांबलं, मग त्याच्या मागच्या. शेवटी फक्त कोपऱ्यातला एक म्हातारा, ज्याला कमी ऐकू यायचं, तो हसत राहिला, आणि त्याच्या बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. डॅरिलने पुढे होऊन लायलचा दंड धरला आणि हळूच खाली ओढायला बघितलं. लायलने त्याला असा हिसडा दिला की डॅरिल टेबलावर जाऊन आदळला. लायलचे हात पुन्हा वर गेले. त्याच्या तोंडातून दुखल्याचा आवाज येत होता, पण हात खाली येत नव्हते.

ग्लेनिसला त्या क्षणी गावाची लाज वाटली नाही, वचन आठवलं नाही. एकच दिसत होतं, की तिचा माणूस एका दुपारी अडकलाय आणि तिथून त्याला तिच्या हाकेने बाहेर काढता येत नाही. बायकोने बोलावलं म्हणून फुटबॉलर मैदान सोडत नाही. डॉक्टरने सांगितलं तरी नाही. तो फक्त भोंग्याला मानतो.

ती स्टेजवरून उतरली आणि सरळ खिडकीकडे गेली.

"बेव्ह, भोंगा वाजव."

"अगं, वेड लागलं का तुला? अजून अर्धा डाव बाकी आहे."

"वाजव म्हणते ना."

"ताई, असं करता येत नाही," बुलूंगचा वेळ राखणारा घाबरून बटणावर हात झाकत म्हणाला. "एकदा वाजला की वाजला. परत घेता येत नाही. आमची पोरं फक्त दोन गुणांनी मागे आहेत."

ग्लेनिसने त्याचा हात धरून बाजूला केला, बटणावर तळवा ठेवला, आणि सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर टाकला.

भोंगा गावभर वाजला. मैदानावर धावणारी पोरं जागच्या जागी थांबली. एकाने बॉल वर उडवला, दुसरे दोघे मिठ्या मारायला लागले. सामना जिंकलो असं समजून गाड्यांनी हॉर्नचा एकच गदारोळ केला, आणि पंच कमरेवर हात ठेवून खिडकीकडे बघत राहिले. ग्लेनिसने तळवा उचलला नाही. ती मान वळवून स्टेजकडे बघत होती.

लायलचे हात खाली आले. आधी एक, मग दुसरा. खांदे पडले, आणि त्याने मोठा श्वास सोडला. मग तो वळला, डॅरिल दिसला, आणि सामना संपल्यावर करतात तसा त्याने हात पुढे केला.

"छान खेळलास, गड्या."

डॅरिलने तो हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. ग्लेनिस जवळ आली तेव्हा तो तिला म्हणाला, "त्या दिवशी मी काही बोललोच नव्हतो गं. मी इकडे आहे वगैरे. ते यानेच नंतर जोडलं. मला हा पाठमोरा दिसत होता, गोल समोर दिसत होता, मी मारला." एवढा मोठा माणूस, त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि त्याला ते पुसायचं सुचत नव्हतं.

मिक माईकपाशी आला. ग्लेनिसने त्याच्या पुढ्यातला माईक घेतला.

"वर्ष झालं," ती हॉलला म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, डोक्याला बसलेल्या मारांमुळे. आम्ही झाकून ठेवलं होतं. आता तुम्हाला कळलं." तिने माईक आणखी जवळ धरला. "हसलात म्हणून तुमच्यावर राग नाही. मीही हसले होते."

खिडकीपाशी बुलूंगचा माणूस टोपी काढून बसला होता. मिक खाली मान घालून बाहेर गेला, पंचांना सांगायला की खेळ पुढे चालू करा, चूक आमची.

ग्लेनिसने लायलला स्टेजच्या पायरीवर बसवलं आणि त्याचा खांदा चोळायला लागली. हळूहळू त्याच्या डोळ्यांत ओळख परत आली. त्याने हॉलकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ग्लेन," त्याने हळूच विचारलं, "झाली का गं गोष्ट?"

"झाली."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"हसले का लोक?"

समोर दीडशे माणसं ताटातल्या बटाट्यांकडे बघत बसली होती.

"हसले," ग्लेनिस म्हणाली. "खूप हसले, लायल."

"मी सांगत होतो ना तुला," लायल म्हणाला, आणि समाधानाने तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसला.